सायकलवरून जलदुर्ग: या चुका टाळा

अलिबागचा कुलाबा, मुरूडजवळचा जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग. समुद्रातले हे चार किल्ले एका दमात करायला निघालेला सायकलवाला पहिली चूक घरबसल्याच करतो. नकाशावरचे किलोमीटर मोजतो आणि त्यांना सुट्टीच्या दिवसांनी भागतो.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, हे डोक्यातून काढा. खाडीला उतरायचे, पलीकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढायचे, की पुढची खाडी हजर. घाटावर दिवसाला शंभर मारणारे इथे साठातच गळतात. मी पन्नास धरतो.

त्याहून महाग पडते ती फेरीबोट. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या बोटींवर सायकल चढते, पण पहिली आणि शेवटची बोट किती वाजता सुटते हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. दाभोळची बोट चुकली तर थेट चिपळूणचा वळसा, म्हणजे अख्खा दिवस गेला. एकदा मी सुरमईच्या थाळीवर रेंगाळलो. धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची बोट पलीकडे दिवे लावून उभी होती. ती रात्र देवळाच्या पडवीत, डासांसोबत.

कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येते. इथे घड्याळापेक्षा तिथी उपयोगी. जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी साधारण नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पण तेव्हा भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती, पाणी फारसे मागे हटत नाही. हिशेब ढोबळ आहे, तेव्हा पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारा आणि पाणी चढायच्या आत परत या.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. दुपारचा खारा वारा बहुधा वायव्येकडून येतो, तो पाठीशी राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पावसाळ्यात किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात.

चेन कुरकुरायला लागली तर नुसते तेल ओतू नका, आत मीठ आणि वाळू असते. आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, कोरडी करा, मग तेल. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत सायकल घालायचा मोह फोटोपुरताही नको. गावातला पंक्चरवाला ट्यूब चिकटवून देईल, पण गिअरची तार आणि ब्रेकपॅड जवळच हवेत.

जंजिऱ्याच्या शिडाच्या होडीत सायकल नेत नाहीत. राजपुरीत कुणाच्या तरी अंगणात ठेवावी लागते. मी शहाळेवाल्या आजींकडे ठेवली होती. पैसे घेतले नाहीत, दोन शहाळी मात्र घ्यायला लावली.