काटा टोचल्यावर गाठींची रांग उठली तर

दिंडोरीजवळ आमचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. दोन वर्षांपूर्वी छाटणी करताना उजव्या तर्जनीत काटा मोडला. सुईनं काढला, हळद दाबली आणि कामाला लागलो. तीनेक आठवड्यांनी तिथं वाटाण्याएवढी लालसर गाठ आली. ना खाज, ना ठणका. मग ती फुटून चिघळली आणि मनगटापासून कोपरापर्यंत एकामागे एक चार गाठी उठल्या.

गाठींची ही रांग दिसली की स्पोरोट्रायकोसिस या बुरशीच्या आजाराची शंका घ्या. स्पोरोथ्रिक्स ही बुरशी मातीत, कुजक्या काडीकचऱ्यात असते. काट्यावाटे आत शिरून ती लसिकावाहिन्यांच्या (अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या) वाटेनं वर सरकते. गजकर्णाची मलमं तिथवर पोचत नाहीत आणि अँटिबायोटिकनं ती मरत नाही. माझे दोन कोर्स असेच वाया गेले.

नाशिकला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलात तर आधी काटा टोचल्याचं सांगा, ते विचारोत न विचारोत. बायोप्सीच्या वेळी, म्हणजे गाठीचा तुकडा तपासायला काढतात तेव्हा, मात्र एक गोष्ट हट्टानं पाहा: तुकड्याचे दोन भाग व्हायला हवेत. एक फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या रसायनात), दुसरा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये, कल्चरसाठी, म्हणजे बुरशी उगवून पाहायला. माझा पहिला तुकडा सगळाच फॉर्मॅलिनमध्ये गेला. त्यात बुरशी मरते, मग उगवणार काय? सूक्ष्मदर्शकाखाली ती बऱ्याचदा सापडत नाही आणि चित्र त्वचेच्या टीबीसारखं दिसतं. माझ्यावर टीबीची औषधं सुरू व्हायचीच बाकी होती. दुसऱ्यांदा तुकडा काढला, कल्चर लावलं, तेव्हा निदान पक्कं झालं. कल्चरला चार आठवडेही लागू शकतात, घाई करू नका.

मला रोज 200 मिलिग्रॅम इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध दिलं. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, तिच्यामुळे औषध नीट शोषलं जात नाही. यकृताची रक्ततपासणी अधूनमधून होते. हृदय कमजोर असेल किंवा बाई गरोदर असेल तर हे औषध सहसा देत नाहीत. पोटॅशियम आयोडाइडचे थेंब स्वस्त पडतात, पण थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी तेही टाळायचं. गरोदरपणात शेकण्याचा उपाय डॉक्टर सुचवतात, कारण या बुरशीला उष्णता सोसत नाही.

जखमा भरल्या की गोळी सोडावीशी वाटते. सोडू नका. त्यानंतरही दोन ते चार आठवडे घ्यावी लागते. माझे एकूण पाच महिने झाले. आता आमच्याकडे छाटणीला बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात कोपरापर्यंतचे चामडी मोजे असतात.