नॅरोबोट घेताय? आधी ती पाण्याबाहेर काढून बघा

‘ताई, मीपण नॅरोबोट (इंग्लंडच्या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट) घेऊ का?’ असा एखादा मेसेज महिन्यातून येतोच. विचारणाऱ्या बहुतेक माझ्यासारख्याच असतात. नोकरीसाठी इंग्लंडला आलेल्या, निम्मा पगार घरभाड्यात जातो म्हणून वैतागलेल्या. मी सांगलीची, पेशाने नर्स. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मी ५७ फुटी, २००१ साली बांधलेली बोट घेतली आणि तेव्हापासून तिच्यातच राहते. लॉक (पाणी चढवून-उतरवून बोट वर-खाली नेणारं दरवाज्यांचं कुंड), विंडलास (लॉकच्या झडपा फिरवायचं हँडल), मूरिंग (बोट बांधायची जागा) हे शब्द तुम्हाला माहीत आहेत, दोन-चार बोटी आत जाऊन बघून झाल्यात, असं धरून लिहिते.

सगळ्यात आधी जे मला महागात पडलं ते.

मी बोट विकत घेताना स्वतः पैसे देऊन सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी, करून घेतला नाही. विकणाऱ्याकडे दीड वर्षापूर्वीचा सर्व्हे रिपोर्ट होता. छान फाईल केलेला, फोटोंसकट. बाजूचे पत्रे मुळात ६ मिलिमीटरचे, रिपोर्टमध्ये ५.६ लिहिलेले. एजंट म्हणाला, ‘इतक्यातच झालाय, परत कशाला हजार पौंड घालवता?’ सर्व्हेअरची फी आणि बोट गोदीत चढवण्याचा खर्च मिळून साधारण तेवढाच होणार होता. माझ्याकडे तेव्हा ते हजार पौंड म्हणजे सगळी शिल्लक होती. मी वाचवले.

माझे मामा देवगडला असतात. त्यांना व्हिडिओ कॉलवर बोट दाखवली तेव्हा त्यांनी आतलं लाकूडकाम, चूल, खिडक्या काहीच विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला. ‘होडी भायर काढून बघितलंस मां?’ कोकणात पाऊस सुरू व्हायच्या आधी होड्या वर ओढतात, झावळ्यांनी शाकारतात, तेव्हा दरवर्षी तळ डोळ्यांखालून जातो. मी म्हटलं, मामा, इथे रिपोर्ट असतो. ते गप्प बसले.

२०२१ च्या उन्हाळ्यात ब्लॅकिंगसाठी, म्हणजे तळाला काळा लेप द्यायला, बोट ड्राय डॉकमध्ये (पाणी काढता येणाऱ्या गोदीत) नेली. (बिटुमेनचं ब्लॅकिंग दर दोन-तीन वर्षांनी करावंच लागतं, त्यात चालढकल करू नका.) पाणी उतरलं, प्रेशर वॉशरने शेवाळ निघालं आणि पाण्याच्या रेषेखाली हातभर पट्ट्यात नारिंगी फोड दिसले, कांजिण्यांसारखे. तिथल्या माणसाने छोट्या हातोडीने एक फोड फोडला. आतून काळं पाणी आलं आणि खाली चकचकीत, रुपयाएवढा खड्डा. त्याने पिवळ्या खडूने त्याभोवती गोल केला. मग दुसरा. मग तिसरा. तो बोलत काहीच नव्हता, नुसते गोल काढत पुढे सरकत होता. मी गोदीच्या पायऱ्यांवर बसून मोजत होते, चाळिसाच्या पुढे मोजायचं सोडलं. काही खड्ड्यांच्या तळाशी पत्रा ३.२ मिलिमीटर उरला होता. चारपैकी दोन ॲनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे) झिजलेल्या साबणाच्या वडीसारखे झाले होते आणि दोन जागी नुसत्या पट्ट्या.

हे कशामुळे झालं ते नीट समजून घ्या. मला कुणी आधी समजावलं असतं तर माझे नऊ हजार पौंड वाचले असते.

शाळेत तांब्याची आणि जस्ताची पट्टी आम्लात बुडवून बारीकसा दिवा लावलेला आठवतोय? त्यात जस्त झिजतं. मरिनात, म्हणजे बोटी उभ्या करायच्या तळावर, हेच होतं. तुमची बोट पोलादाची, शेजारच्याचा पंखा (प्रोपेलर) ब्राँझचा, पलीकडच्याचं आणखी काही. मध्ये कालव्याचं पाणी. एवढ्याने काही बिघडत नाही, कारण बोटी एकमेकींना तारेने जोडलेल्या नसतात. पण ज्या क्षणी तुम्ही काठावरच्या खांबावरून शोअर पॉवरची, म्हणजे काठावरच्या विजेची, केबल लावता, त्या क्षणी त्यातली अर्थिंगची वायर तुमचा हल (बोटीचं पोलादी अंग) शेजारच्या सगळ्या हलांना जोडते. दिवा लागायला जी तार हवी होती, ती मिळाली. मग आधी तुमचे मॅग्नेशियमचे ॲनोड झिजतात, तेही निम्मे शेजाऱ्याच्या बोटीचं रक्षण करत. ते संपले की तुमच्या पत्र्याची पाळी. केबल लावून तुम्ही आरामात हीटर चालवत बसलेल्या असता आणि खाली हे रात्रंदिवस चालू असतं. वरून काहीही दिसत नाही.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. शंभर-सव्वाशे पौंडांचा डबा, अर्थिंगच्या वायरमध्ये मालिकेत बसतो. हा हलका प्रवाह अडवतो, पण खरा बिघाड होऊन शॉक बसायची वेळ आली तर तो प्रवाह जाऊ देतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणखी चांगला, पण महाग आणि जड. आणि एक गोष्ट ठणकावून सांगते: कुणी ‘अर्थिंगची वायरच काढून टाक, खर्च वाचेल’ म्हणालं तर त्याचं ऐकू नका. पोलादी डब्यात, पाण्यावर, अर्थिंगशिवाय राहणं म्हणजे जिवाशी खेळ. मला हा सल्ला दोन वेगवेगळ्या माणसांनी दिला होता.

आता यातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. तो जुना रिपोर्ट खोटा नव्हता. त्या सर्व्हेअरने प्रामाणिकपणे मोजलं होतं. घरी येऊन फाईल पुन्हा काढली तर शेवटच्या पानावर, शिफारशींमध्ये सहाव्या क्रमांकावर एक ओळ होती: बोटीवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नाही, शोअर पॉवर वापरण्यापूर्वी बसवावा. विकणाऱ्याने बसवला नाही. मीही ते पान वाचलं नाही, मी फक्त ५.६ हा आकडा वाचला. त्यानंतर त्याने दीड वर्ष आणि मी दोन हिवाळे केबल लावून ठेवली.

दुसऱ्याने करून घेतलेल्या रिपोर्टमध्ये आणखी एक अडचण असते. सर्व्हेअर ज्याच्याकडून फी घेतो त्याला बांधील असतो. तुम्हाला नाही. उद्या काही निघालं तर तुम्हाला त्याच्याकडे दाद मागता येत नाही. म्हणून:

ऑफर देताना ‘सर्व्हेच्या अधीन राहून’ असं लेखी घ्या, अनामत परत मिळण्याच्या अटीही लेखी. सर्व्हेअर स्वतः शोधा, एजंटने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर असेल त्या दिवशी रजा काढून तिथे हजर राहा. अल्ट्रासॉनिक मशीन पत्र्याची जाडी दाखवतं, पण खड्डे वेगळे मोजावे लागतात, तेव्हा ‘सगळ्यात खोल खड्डा किती आणि तिथे उरलंय किती’ हे तोंडाने विचारा. बऱ्याच विमा कंपन्यांना ४ मिलिमीटरच्या खाली चालत नाही. आणि शिफारशींचं पान आधी वाचा, मग आकडे.

मी ओव्हरप्लेटिंग केलं, म्हणजे पाण्याच्या रेषेवर नवे पत्रे वेल्ड करून घेतले. त्याने बोट वाचली. पण त्याने वजन वाढतं आणि बोट खाली बसते. सिंकच्या सांडपाण्याची, एक्झॉस्टची भोकं पाण्याच्या जवळ येतात. आत थंडी अडवणारा स्प्रे फोम असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने तो पेटू शकतो, म्हणून आतलं काही अस्तर उखडावं लागतं. तीन आठवडे मी मैत्रिणीच्या हॉलमध्ये झोपून नाइट ड्यूटी केली. ओव्हरप्लेट झालेली बोट वाईटच असते असं नाही. कुणी, कधी आणि का केलं याचे कागद बघा.

इथपर्यंत वाचून घाबरला असाल तर थांबा. पोलाद हळू झिजतं. आयसोलेटर, दर दोन-तीन वर्षांनी ब्लॅकिंग, वेळेवर नवे ॲनोड, एवढं केलं तर पंचवीस-तीस वर्षांची बोटही ठणठणीत असते. माझी आता आहे.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत, पण दोन ठिकाणी माणसं फसतात. पहिलं, मालकी. घराची असते तशी बोटीच्या मालकीची सक्तीची सरकारी नोंद नसते. आधीच्या खरेदी-विक्रीच्या पावत्यांची साखळी मागा, बोटीवर कर्ज आहे का ते लेखी विचारा. जून १९९८ नंतर बांधलेली असेल तर आरसीडीचे (बोटीच्या सुरक्षिततेच्या युरोपीय नियमांचे) कागद मागा. बोट सेफ्टीचं सर्टिफिकेट चार वर्षांचं असतं, पण ते गॅस, वीज, आग अशा गोष्टींपुरतं. पत्र्याबद्दल त्यात काहीही नसतं. ‘सेफ्टी आहे ना, मग झालं’ असं म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

दुसरं, जागा. बोट घेतली म्हणजे ती उभी असलेली जागा मिळाली असं नाही. मरिनाचा करार वेगळा असतो आणि बऱ्याच ठिकाणी तिथे कायम राहायला परवानगी नसते. कायमची जागा नसेल तर कंटिन्युअस क्रूझिंग, म्हणजे सतत जागा बदलत राहणं. १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही आणि खरोखरच प्रवास करत राहावं लागतं. कालवे सांभाळणारी संस्था कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट वर्षभरातला पल्ला साधारण १५-२० मैलांहून जास्त धरते. नोकरी एका गावात आहे हे न हलण्याचं कारण म्हणून चालत नाही. शिवाय एप्रिल २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या बोटींना लायसन्सवर जादा आकार लागतो. हे गणित घरभाड्याशी तुलना करताना धरा.

मी पहिली दोन वर्षं हिवाळ्यात मरिनात आणि बाकी वेळ मिल्टन कीन्सच्या आसपास फिरत राहिले. ग्रँड युनियन कालवा तिथे फेनी स्ट्रॅटफर्ड ते कॉसग्रोव्ह असा दहा-अकरा मैल एकाच पातळीवर आहे. नवशिक्यांनी तिथे हात बसवावा असं मला वाटतं. फेनी स्ट्रॅटफर्डचं लॉक जेमतेम फूटभर उंचीचं, पहिलं लॉक म्हणून त्याच्याइतकं बिनधोक दुसरं नाही. आणि कॉसग्रोव्हला १८११ साली बांधलेला लोखंडी जलसेतू. एका बाजूला कठडा नाही, खाली ग्रेट ऊझ नदी. ड्यूटीवरून आल्यावर सकाळी सातला तिथून एकटीने बोट नेली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमतंय.

लॉकबद्दल एकच सांगते, पण ते विसरू नका. खाली उतरताना वरच्या दरवाज्याच्या पायथ्याशी दगडी किंवा सिमेंटची पायरी असते, तिला सिल म्हणतात. बोट तिच्यावर राहिली तर पाणी उतरताना मागचा भाग अडकतो, पुढचा खाली जातो आणि बोट मिनिटांत बुडते. काठावर पांढरी रेघ असते. मागचं टोक सतत तिच्या पुढे ठेवा. दोर घट्ट बांधू नका, हातात धरा. काही अडलं तर आधी झडपा बंद, मग ओरडणं.

पंख्यात प्लास्टिक अडकलं की वीड हॅच (पंख्यावरचं झाकण) उघडून काढावं लागतं. इंजिन बंद, किल्ली खिशात. झाकण परत घट्ट बसवलं की नाही ते दोनदा बघा, त्या झाकणामुळेही बोटी बुडतात.

टॉयलेटवर लोक तासन्‌तास वाद घालतात. कॅसेट (टाकी काढून रिकामी करायचं टॉयलेट) घ्या आणि मोकळ्या व्हा. माझ्या बॅटऱ्या लेड-ॲसिड आहेत. त्या निम्म्याखाली उतरवू नका, म्हणजे स्थिर असताना १२.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. लिथियम चांगल्या असतात, पण जुन्या अल्टरनेटरला (इंजिनावरच्या चार्जरला) नुसत्या जोडून द्यायच्या नाहीत. चूल पेटवता तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू ठेवा आणि थंडी वाजते म्हणून हवेची भोकं कापडाने बुजवू नका. नर्स म्हणून सांगते, त्या विषाचं पहिलं लक्षण साधी डोकेदुखी असतं. इतकं साधं की माणूस झोपायला जातो.

पत्त्याचं काय, हा प्रश्न हमखास येतो. इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. काउंटरवर नाही म्हणाले तर शांतपणे पुन्हा सांगा. बँक आणि टपालासाठी एखाद्या मैत्रिणीचा पक्का पत्ता बोट घ्यायच्या आधी ठरवा, व्हिसावर असाल तर नक्कीच.

काठावर फुकट सल्ला देणारे खूप भेटतील. दोर कसा बांधायचा, लाकूड कुठे मिळतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, तेवढं जरूर शिका. पत्रा, गॅस आणि वीज यांबद्दल मात्र पैसे घेऊन लेखी देणाऱ्याचंच ऐका. व्हिडिओ बघून बोट निवडू नका, तिथे उन्हाळाच जास्त दिसतो. शक्य असेल तर नोव्हेंबरात एक आठवडा भाड्याची बोट घेऊन राहा.

माझ्या पुढच्या ब्लॅकिंगची तारीख मे महिन्यात मिळाली आहे. मामांना सांगितलंय, बोट वर चढली की कॉल लावते. यावेळी त्यांना आधी तळ दाखवणार आहे.