घरी रचलेलं साहस सगळ्यांसाठी खुलं कसं करावं

गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की नाशिककर पूर बघायला घाटावर जमतात. ते छातीशी आलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारात माल हलवायची धावपळ सुरू होते. रविवारी आम्ही रोल-प्लेइंग खेळ खेळतो: एक जण प्रसंग रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन फासे टाकत खेळतात. त्यात मी हीच मूर्ती पुराचं माप म्हणून वापरली. कागदावर एक गोल काढला आणि त्याचे सहा भाग केले: पाय, गुडघे, कंबर, छाती, गळा, डोकं. खेळाडूंनी वेळ दवडला की एक भाग पेन्सिलीनं भरायचा. गोल पूर्ण भरायच्या आत घाटावर अडकलेली माणसं सोडवायची.

पुढे दुसऱ्या एका गटानं हे साहस, म्हणजे खेळासाठी लिहिलेली ही गोष्ट, मागितलं. मी फाइल होती तशी पाठवली आणि ती हातोहात फिरली. थोड्याच दिवसांत एका चित्रकाराचा निरोप आला. मुखपृष्ठावर मी नेटवरून उचलून लावलेलं चित्र त्याचं होतं. त्याची तक्रार शंभर टक्के बरोबर होती. मी फाइल मागे घेतली आणि सगळं पहिल्यापासून नीट केलं. ते कसं केलं, ते इथे पायरीपायरीनं सांगतो.

पहिली पायरी: कुणाचं काय, ते वेगळं करा

साहसाची छापील प्रत काढा आणि हातात तीन रंगांची पेनं घ्या. एका रंगानं स्वतःचं लिखाण, दुसऱ्यानं मित्रांचं, तिसऱ्यानं बाहेरून घेतलेलं अधोरेखित करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं.

कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच सांगितलं. वीस बाजूंचा फासा टाकून आलेल्या आकड्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा, ही कल्पना आहे. माझा पुराचा गोल ज्या ‘क्लॉक’वरून आला (भाग भरत संकट जवळ आल्याचं दाखवणारा गोल), तीही कल्पनाच. पण पुस्तकात तो नियम ज्या वाक्यांत समजावलेला असतो, ती वाक्यं लेखकाची असतात. ती उतरवू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा.

गोदावरी, पांडवलेणी, रामशेजचा किल्ला, दुतोंड्या मारुती ही कुणाची खासगी मालमत्ता नाही. खुशाल वापरा. मात्र घाटाच्या प्रसंगाला कुसुमाग्रजांची अख्खी कविता जोडावीशी वाटली, तर थांबा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. तात्यासाहेब १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०५९ संपेपर्यंत हक्काखाली आहे.

आणि मित्रांना विचारा. आमच्या साहसातली नावाडी आजी माझ्या एका मैत्रिणीनं रंगवली होती. तिचे संवाद मी नंतर फक्त टिपून ठेवले. ती ‘हो’ म्हणाली तेव्हाच आजी फाइलमध्ये राहिली, आणि श्रेयात मैत्रिणीचं नावही गेलं.

दुसरी पायरी: मूळ खेळानं कोणतं दार उघडं ठेवलंय, ते शोधा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठी लिहीत असाल, तर पूर्ण पुस्तकं नव्हे, ‘सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट’ म्हणजे एसआरडी समोर ठेवा. खेळाचे इतरांना वापरायला खुले केलेले नियम त्यात असतात. २००० सालापासून हे ओपन गेम लायसन्सखाली मिळत असे. जानेवारी २०२३ मध्ये खेळाची मालक कंपनी ते लायसन्स बदलणार, असा मसुदा बाहेर फुटला आणि जगभरचे खेळाडू संतापले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीनं बदल मागे घेतला आणि एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (आपलं काम खुलं करण्यासाठीची तयार लायसन्सं) ‘सीसी बाय ४.०’ खाली खुलं केलं. हे लायसन्स परत घेता येत नाही. श्रेय द्या आणि वापरा, बदला, भाषांतर करा, विका. मराठीत आणायलाही कुणाची वेगळी परवानगी लागत नाही.

आमच्या साहसात पुरामुळे मळ्यातून बाहेर पडलेला बिबट्या घाटाच्या एका पडवीत दडून बसतो. एसआरडी ५.१ मध्ये ‘लेपर्ड’ नाही, ‘पँथर’ आहे: आर्मर क्लास (त्याला फटका बसणं किती अवघड) १२, हिट पॉइंट्स (तो किती मार सोसतो) १३. मी तेच आकडे घेतले आणि वर्णन स्वतः लिहिलं: भिजलेलं अंग, भिंतीला टेकलेली पाठ, आधी गुरगुराट आणि मगच झडप. खेळाडूंनी वाट मोकळी ठेवली तर तो निघून जातो.

एसआरडीत सगळं नसतं. प्रत्येक क्लासचा, म्हणजे योद्धा, जादूगार अशा पात्राच्या पेशाचा, एकच उपप्रकार आहे. ‘फर्गॉटन रेल्म्स’सारखी कंपनीची दुनिया त्यात येत नाही. खेळाचं नाव आणि लोगो हे ट्रेडमार्क आहेत, ते मुखपृष्ठावर मिरवू नका. ‘५ई कम्पॅटिबल’ (पाचव्या आवृत्तीशी जुळणारं) असं लिहायला मात्र मुभा आहे.

कंपनीच्याच दुनियेत गोष्ट घडवायची असेल, तर तिचं फॅन कंटेंट धोरण आहे. त्याखाली काम फुकट द्यावं लागतं आणि ते अनधिकृत असल्याचं लिहावं लागतं. डीएम्स गिल्ड या ऑनलाइन दुकानावर विकताही येतं, पण तिथे टाकलेलं दुसरीकडे प्रकाशित करता येत नाही. मी या वाटेला गेलो नाही. नाशिक असताना मला उसनी दुनिया लागली नाही.

इतर खेळांची दारं वेगळी आहेत. ‘ब्लेड्स इन द डार्क’चं एसआरडी ‘सीसी बाय ३.०’ खाली आहे. ‘केर्न’ ‘सीसी बाय-एसए ४.०’ खाली, म्हणजे त्यातला मजकूर घेऊन केलेलं कामही त्याच अटीवर खुलं करावं लागतं. ‘पाथफाइंडर’वाल्या पायझोच्या पुढाकारानं २०२३ मध्ये आलेल्या ऑर्क लायसन्समध्ये तुम्ही रचलेले नियम आपोआप इतरांना खुले होतात.

तिसरी पायरी: चित्रं, नकाशा, फॉन्ट

माझी चूक इथेच झाली होती. ‘नेटवर सापडलं’ म्हणजे परवानगी नव्हे. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव आणि लायसन्स लिहिलेलं असतं, दोन्ही टिपून घ्या. त्याहून सोपं म्हणजे सकाळी गोदाघाटावर जाऊन स्वतः फोटो काढा. नकाशासाठी मी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावरून रस्ते गिरवले, त्याचं श्रेय नकाशाखालीच येतं. देवनागरीसाठी ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ वापरा, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत.

चौथी पायरी: आता तुमचं लायसन्स

काहीच लिहिलं नाही, तर कायद्यानं सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात आणि प्रामाणिक माणूस तुमच्या कामाला हात लावत नाही. म्हणून लायसन्स स्पष्ट लिहा. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे बदललेलं कामही याच अटीवर द्या. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी वापरू नका. ‘एनडी’ म्हणजे बदललेली आवृत्ती वाटू नका. साहसाला ‘एनडी’ लावू नका, कारण टेबलावर बदललं जात नाही असं साहसच नसतं. ‘एनसी’चा मोह मलाही झाला होता. पण मग एखाद्या छोट्या दुकानदारानं पुस्तिका छापून छपाईचा खर्च काढला, तरी वाद निघू शकतो. मी ‘सीसी बाय ४.०’ निवडलं. एकदा दिलेलं परत घेता येत नाही, तेव्हा घाई न करता ठरवा.

पाचवी पायरी: श्रेयाचं पान

एसआरडी ५.१ च्या पहिल्याच पानावर श्रेयाचं वाक्य तयार दिलेलं आहे. ते जसंच्या तसं, इंग्रजीतच ठेवा आणि कंपनीचा दुसरा कुठलाही उल्लेख करू नका. त्याखाली आपलं:

«मजकूर: लेखकाचं नाव, सीसी बाय ४.०. नावाडी आजीचे संवाद: मैत्रिणीचं नाव, तिच्या परवानगीनं, त्याच लायसन्सखाली. फोटो: लेखकाचे, सीसी बाय ४.०. नकाशा: ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदात्यांच्या माहितीवरून.»

पीडीएफसोबत संपादन करता येईल अशी फाइलही द्या. नुसत्या पीडीएफमधून देवनागरी मजकूर उचलताना जोडाक्षरं फुटतात आणि बदल करणाऱ्याचा अर्धा दिवस त्यातच जातो. सांगलीतल्या कुणाला मारुती काढून तिथे आयर्विन पुलाखालची कृष्णा आणायची असेल, तर त्याला माझा फोन शोधत बसायला लागू नये. त्यानं गोलाचे सहा भाग फुटांत मोजावेत आणि श्रेयाच्या पानावर स्वतःचं नाव जोडावं.