घरी बिअर करताना या चुका टाळा

घरी पहिल्यांदा बिअर करणाऱ्याचे सारे लक्ष माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) यांच्या निवडीकडे असते. बिघाड मात्र बहुधा वर्ट, म्हणजे माल्टचा गोड अर्क, उकळून झाल्यानंतर सुरू होतो. उकळीपर्यंतची थोडीफार हयगय खपून जाते, परंतु वर्ट निवल्यावर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू, अगदी नळी आणि चमचासुद्धा, आधी घासून धुतलेली आणि नंतर निर्जंतुक केलेली असावी लागते. ही दोन वेगळी कामे आहेत, कारण चिकटून बसलेल्या साक्याच्या आत निर्जंतुक करणारे द्रावण पोहोचत नाही. बिअर ज्यात आंबते त्या प्लास्टिकच्या बादलीला तारेची घासणी लावू नये. ओरखड्यांत जंतू दडून राहतात.

माझ्या मते चव सर्वांत जास्त बिघडते ती तापमानामुळे. एल (तुलनेने उबदार तापमानात आंबणारी बिअर) प्रकारच्या बहुतेक यीस्टना १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पण किण्वनातच, म्हणजे यीस्टने साखर आंबवण्याच्या क्रियेतच, उष्णता निर्माण होत असल्याने पहिल्या दोन-तीन दिवसांत बादलीच्या आतले तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी चढते. पहिल्या खेपेला मी भिंतीवरचा तापमापक पाहून निर्धास्त राहिलो आणि हाती आली ती थिनरसारखा उग्र दर्प असलेली बिअर. तापमापकाची पट्टी बादलीलाच चिकटवावी आणि पारा चढू लागला की बादली गार पाण्याच्या टबात ठेवावी.

एअरलॉकमधले (झाकणावरच्या, वायू फक्त बाहेर सोडणाऱ्या नळीतले) बुडबुडे थांबले म्हणजे किण्वन संपले, हा समज तर धोकादायक आहे. झाकण नीट बसले नसेल तर बुडबुडे मुळीच दिसत नाहीत. हायड्रोमीटरवर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणावर, विश्वास ठेवावा: १.०५० पासून सुरू झालेली बिअर साधारण १.०१२ च्या आसपास येते, आणि दोन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापे सारखी आली तरच ती बाटलीत भरावी. माप १.०२० वरच अडले असेल तर बादली थोड्या उबदार जागी हलवून आठवडाभर थांबावे. बाटलीत भरताना फेसासाठी लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम साखर पुरते. अपुऱ्या किण्वनात तिची भर पडली की बाटल्या फुटतात. एखादी बाटली उघडताच फेसाचे कारंजे उडाले, तर उरलेल्या बाटल्या, जाड हातमोजे आणि चष्मा घालूनच, ताबडतोब फ्रिजमध्ये ठेवाव्यात.