स्पीकरला दोन ॲम्प आणि ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर लावताय? या चुका टाळा

स्पीकरच्या मागे चार टर्मिनल दिसली की अनेकांना दुसरा ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणावासा वाटतो. एक वूफरला (बास वाजवणारा मोठा ड्रायव्हर), एक ट्वीटरला (वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर). पण स्पीकरच्या पोटातला क्रॉसओव्हर (बास आणि वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) तसाच ठेवला, तर ते झालं पॅसिव्ह बाय-ॲम्पिंग. दोन्ही ॲम्पना पूर्ण सिग्नल जातो, ट्वीटरच्या ॲम्पलाही बासचं सगळं व्होल्टेज पेलावं लागतं. यातून फारसं काही हाती लागत नाही. ते पैसे एकाच चांगल्या ॲम्पवर घालवलेले बरे. तरीही करायचंच असेल, तर टर्मिनलच्या जोड्या जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या आधी काढा. त्या राहिल्या तर दोन ॲम्पची आउटपुट थेट एकमेकांना भिडतात आणि एखादा ॲम्प जळू शकतो.

अर्धवट ॲक्टिव्ह

खरा फायदा सिग्नल ॲम्पच्या आधीच विभागण्यात, म्हणजे ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरमध्ये आहे. बासचा ॲम्प क्लिप झाला (ताकद संपून सिग्नलची टोकं कापली गेली) तरी त्याचा कचरा ट्वीटरपर्यंत पोहोचत नाही. मात्र बाहेर ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर लावून आतला पॅसिव्ह तसाच ठेवला, की सुरांचा एकच पट्टा दोनदा गाळला जातो. क्रॉसओव्हरच्या आसपास फेज (दोन ड्रायव्हरच्या लहरींचा ताळमेळ) बिघडते, गायकाचा आवाज मागे सरकल्यासारखा वाटतो.

उलट चूक जास्त नडते. आतला क्रॉसओव्हर काढायचा, २,५०० हर्ट्झवर २४ डीबीचा उतार (दर सप्तकाला २४ डेसिबल घट) द्यायचा आणि काम झालं समजायचं. त्या पॅसिव्ह सर्किटमध्ये फक्त विभागणी नव्हती. ट्वीटर सहसा वूफरपेक्षा जास्त संवेदनशील असतो; रेझिस्टर लावून त्याला तिथे खाली आणलेलं होतं. शिवाय पेटीच्या दर्शनी फळीपेक्षा लांब लहरी मागेही पसरतात, त्यामुळे खालचे सूर समोर कमी पडतात. २० सेंटिमीटर रुंदीच्या पेटीत हा फरक साधारण ५००-६०० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो आणि ६ डीबीपर्यंत जाऊ शकतो. हीही भरपाई त्याच सर्किटमध्ये असते. ती गेली की आवाज पातळ आणि टोचरा होतो, आणि दोष नव्या ॲम्पच्या माथी मारला जातो. म्हणून नुसता क्रॉसओव्हर नको, इक्वलायझर असलेला डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) घ्या. मोजमापाचा माइक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. काढलेलं पॅसिव्ह सर्किट फेकू नका. कधीतरी स्पीकर विकायचा असेलच.

ट्वीटर मरतो तो असा

पॅसिव्ह सर्किटमधला कपॅसिटर ट्वीटरला डीसीपासून आणि ॲम्प चालू होतानाच्या ‘धप्प’पासून वाचवत होता. आता मध्ये कोणीच नाही. लो आणि हायच्या तारांची अदलाबदल झाली, किंवा डीएसपीत चुकून दुसरा प्रीसेट (साठवलेली सेटिंग) लोड झाला, तर नाजूक कॉइल बासखाली जळते.

उपाय स्वस्त आहे: ट्वीटरच्या सिरीजमध्ये नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर. ८ ओहमच्या ट्वीटरला ३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर तो साधारण ६०० हर्ट्झवर कापायला लागतो, म्हणजे २,५०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरपासून दोन सप्तकं खाली. आवाजात फार ढवळाढवळ नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात चौकशी करा. फिल्म प्रकारचा मिळाला तर उत्तम. चालू करताना आधी क्रॉसओव्हर, शेवटी ॲम्प; बंद करताना आधी ॲम्प. पहिली चाचणी जुन्या, फालतू स्पीकरवर घ्या आणि कुठल्या तारेत बास येतोय ते कानाने खात्री करून मगच ट्वीटर जोडा.

लेव्हल, फेज आणि फुसफुस

दोन वेगळ्या ॲम्पचं गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) एक नसतं. एकाचं २६ डीबी, दुसऱ्याचं २९, तर ट्वीटर सरळ ३ डीबी वर किंवा खाली. कानाने जुळवू नका. स्पीकर काढून ठेवा, दोन्ही ॲम्पच्या इनपुटला एकच टेस्ट टोन द्या आणि आउटपुटचं एसी व्होल्टेज मल्टिमीटरवर बघा. स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकतो, म्हणून टोन १०० हर्ट्झच्या आसपासचा घ्या. जुळवलं की मगच ट्वीटरला हात लावा.

लिंकविट्झ आणि रायली या अभियंत्यांच्या नावाचा २४ डीबीचा उतार आज सर्वत्र दिसतो. त्यात दोन्ही ड्रायव्हर क्रॉसओव्हरवर एका फेजमध्ये असतात, दोघे प्रत्येकी ६ डीबी खाली. तपासायचं कसं? ट्वीटरच्या तारा उलट्या जोडा. क्रॉसओव्हरच्या जागी मोजमापाच्या ग्राफमध्ये खोल खड्डा पडला तर सरळ जोडणी बरोबर. खड्डा उथळ असेल तर डीएसपीत डिले (सिग्नलला दिलेला उशीर) बदलून पहा. २,५०० हर्ट्झची लहर जेमतेम १४ सेंटिमीटरची. ट्वीटर अडीच सेंटिमीटर पुढे असला तरी फेज ६० अंशांहून जास्त सरकते. १२ डीबीच्या उतारात मात्र एक ड्रायव्हर उलटा जोडणंच योग्य असतं.

ट्वीटरमधून सतत फुसफुस येत असेल, तर आधी क्रॉसओव्हरचं आउटपुट बघा. ते फार कमी आणि ॲम्पचा नॉब पूर्ण वर, असं असेल तर उलट करा. डिजिटल क्रॉसओव्हरच्या आधी व्हॉल्यूम खूप कमी ठेवण्याचीही तीच शिक्षा.

५० हर्ट्झची गुणगुण आली, तर सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, जमेल तिथे बॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट रद्द करणाऱ्या) तारा वापरा. प्लगची अर्थिंगची पिन काढणारे बहाद्दर आहेत. तसं करू नका, त्यात जीव जातो. छोटे क्लास-डी ॲम्प बोर्ड वापरत असाल, तर आणखी एक गोष्ट बघा. त्यांतल्या बऱ्याच बोर्डांचं मायनस टर्मिनल ग्राउंड नसतं, त्यावरही सिग्नल असतो. दोन वाहिन्यांचे मायनस एकत्र बांधले, तर बोर्ड लगेच जातो.