रक्ताच्या पिशवीची तारीख कशी सांभाळायची

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. शिबिरासाठी मंडळांचे फोन येतात तेव्हा ते विचारतात, "मॅडम, किती पिशव्या लागतील?" मी आधी विचारते, "कधी घेताय?"

लाल पेशी सॅगएम या पेशी टिकवणाऱ्या द्रावणात 2 ते 6 अंशांवर 42 दिवस टिकतात, सीपीडीए-1 या रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाच्या पिशवीतलं रक्त 35 दिवस. 14 एप्रिलला जयंतीच्या शिबिरात जमलेली सॅगएमची पिशवी 26 मेला बाद होते. मेमध्ये कॉलेजं बंद, माणसं गावाला गेलेली. त्यात पुरुषाला पुन्हा रक्त देता येतं 90 दिवसांनी, बाईला 120. एप्रिलमध्येच सगळ्यांचं रक्त घेऊन टाकलं तर मेमध्ये हाक कुणाला मारायची? म्हणून यादीतली निम्मी नावं मेसाठी राखून ठेवा, असं मी मंडळांना आग्रहाने सांगते.

रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये रक्तगटाप्रमाणे कप्पे करा आणि आधी संपणारी पिशवी पुढे ठेवा. आठवडाभरच उरलेल्या पिशव्या रोज सकाळी वेगळ्या काढून ऑपरेशनच्या यादीशी ताडून पाहा. पण बाळाचं रक्त बदलायचं असेल तर पाच दिवसांच्या आतलंच द्या. थॅलेसेमियाच्या मुलांनाही शक्य तितकं ताजं. त्यांना वारंवार रक्त लागतं, तिथे जुनी पिशवी खपवू नका.

खरी गळती होते ती राखीव पिशव्यांत. ऑपरेशनसाठी तीन पिशव्या क्रॉसमॅच करून, म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी जुळवून, ठेवतात, लागते एक. उरलेल्या दोन त्या रुग्णाच्या नावाने पडून राहतात आणि त्यांचे दिवस सरत जातात. ऑपरेशन झालं की वॉर्डला स्वतः फोन करा, "सोडू का?" असं विचारा. डॉक्टर हो म्हणाले की पिशवी लगेच साठ्यात घ्या. वॉर्डात गेलेली पिशवी मात्र अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर राहिली असेल तर परत घेऊ नका, कितीही जीव तुटला तरी.

प्लेटलेटचं गणित सगळ्यात कठीण. 20 ते 24 अंशांवर, एजिटेटरवर सतत हलत्या, आणि आयुष्य पाच दिवसांचं. त्यातला एखादा दिवस एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्यांतच जातो. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की रविवारच्या एका मोठ्या शिबिराने भागत नाही, शुक्रवारी कपाट रिकामं दिसतं. तेव्हा आठवड्यात मंगळवारी आणि शुक्रवारी अशी दोन छोटी शिबिरं ठेवा.