चार्जिंग हब निवडताना या चुका टाळा

विजेवरची मोटार घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याला महाराष्ट्रातल्या मुख्य महामार्गांवर आता चार्जर शोधत फिरावे लागत नाही. ॲप उघडले की नकाशावर ठिपके दिसतात. खरी अडचण त्या ठिपक्यापाशी पोचल्यावर सुरू होते. गन (केबलचे गाडीत लावायचे टोक) जागेवर असते पण यंत्राचा पडदा काळा असतो, किंवा यंत्र सुरू असते पण त्याच्यापुढे डिझेलची गाडी लावून कुणी जेवायला गेलेले असते, किंवा सगळे ठीक दिसत असूनही ॲप यंत्राशी संपर्क होत नसल्याचे सांगत राहते. अशा वेळी आपण यंत्राला दोष देऊन मोकळे होतो. माझे मत असे आहे की यातल्या बऱ्याच अडचणींचे मूळ यंत्रापेक्षा जागेत असते: तिथे वीज कुठून येते, तिथे माणूस असतो का, एक यंत्र बंद पडले तर शेजारी दुसरे आहे का. हे तपासायची सवय लागली, तर रस्त्यात अडकण्याचे बरेच प्रसंग घरून निघण्यापूर्वीच टळतात.

एकट्या यंत्रावर प्रवास बेतणे

ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. एखादे यंत्र दहापैकी एका वेळी बंद सापडते असे धरले, तर त्या एकट्या यंत्राच्या भरवशावर निघणारा माणूस दहापैकी एका प्रवासात अडकणार. त्याच जागी तितकीच नादुरुस्त होणारी दोन स्वतंत्र यंत्रे असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरात एक एवढी खाली येते. अर्थात हा हिशेब दोघांच्या बिघाडाची कारणे वेगळी असतील तरच खरा ठरतो; रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) एकच असेल आणि तेच जळाले, तर चार यंत्रे असूनही उपयोग नाही. म्हणून चार गनांचा हब, म्हणजे एकाच जागी अनेक चार्जर, आणि त्याच्यापुढे बॅटरीच्या आवाक्यात दुसऱ्या गावातला, दुसऱ्या कंपनीचा एक पर्याय, अशी जोडी धरून प्रवास आखावा. पर्यायापर्यंत पोचण्याइतके चार्ज शिल्लक ठेवूनच पहिल्या ठिकाणी पोचायचे, हा नियम कसोशीने पाळावा.

इथे एक फसगत होते. ॲपमध्ये ‘दोन गन’ असे लिहिलेले असते, पण त्या दोन्ही गन एकाच यंत्राला जोडलेल्या असू शकतात. असे यंत्र बंद पडले की दोन्ही गन एकदम जातात. शिवाय ६० किलोवॉटचे यंत्र दोन गाड्या लागल्या की बहुधा ३०-३० किलोवॉट असे वाटून देते. ४० युनिटांच्या बॅटरीत २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत २४ युनिट भरायचे असतात. गाडीला ५० किलोवॉट झेपत असतील आणि ते मिळाले तर अर्धा तास, आणि वाटणीत ३० मिळाले तर पाऊण तासाहून जास्त वेळ जातो. दुपारच्या जेवणाच्या वेळी पोचणार असाल, तर वाटणी होणार असेच गृहीत धरावे.

भरवसा आकड्यांत कसा मांडतात हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत केंद्राच्या पैशातून महामार्गांवर उभारल्या जाणाऱ्या स्थानकांसाठी २०२३ च्या नियमांनी किमान चार गन आणि प्रत्येक गन वर्षातून ९७ टक्क्यांहून अधिक वेळ चालू, अशी अट घातली. ९७ टक्के ऐकायला भक्कम वाटते, पण उरलेले ३ टक्के म्हणजे वर्षाचे सुमारे २६३ तास, जवळजवळ अकरा दिवस. ब्रिटनने त्याच वर्षी ५० किलोवॉट आणि त्यावरच्या चार्जरसाठी ९९ टक्क्यांची अट आणली, पण ती प्रत्येक कंपनीच्या संपूर्ण जाळ्याच्या सरासरीवर मोजली जाते, त्यामुळे एखादे आडवळणाचे स्थानक आठवडाभर बंद राहिले तरी सरासरी शाबूत राहू शकते. आपल्याकडे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत भर दिला तो अंतरावर: शहरात दर ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक. सुरुवातीला अंतराचाच विचार होणे स्वाभाविक होते, पण प्रवाशाला ठिपके किती जवळ आहेत यापेक्षा त्यातले किती चालू आहेत याच्याशी कर्तव्य असते. म्हणूनच ॲपवरचे तारे पाहू नयेत, तर शेवटचे यशस्वी चार्जिंग कधी झाले ते पाहावे. गेल्या दोन दिवसांत तिथे कुणी चार्ज करून गेले असेल, तर ती नोंद जुन्या पाच ताऱ्यांपेक्षा मोलाची आहे.

रस्त्याची बाजू आणि घाट विसरणे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर फूड मॉल ज्या बाजूला आहे त्याच बाजूच्या गाड्यांसाठी असतो. नकाशावर शंभर मीटरवर दिसणारा चार्जर दुभाजकापलीकडे असेल तर तो तुमच्यासाठी नाहीच. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तर ठरावीक इंटरचेंजखेरीज बाहेर पडता येत नाही, त्यामुळे चुकलेला थांबा म्हणजे पुढच्या इंटरचेंजपर्यंतचे अंतर आणि तेवढेच परत. त्यातच तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ८० ऐवजी १२० च्या वेगाने तो सव्वादोन पट होतो. शहरात मिळणारी रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापले जाणारे अंतर, डोक्यात ठेवून समृद्धीवरचा थांबा ठरवला, तर तो थांबा बहुधा चुकतोच.

घाटाचा हिशेब सोपा आहे आणि तरी तो क्वचितच केला जातो. माणसे आणि सामान धरून १७०० किलोची गाडी खोपोलीकडून वर पाचशे मीटर चढवायला साधारण सव्वादोन युनिट ऊर्जा लागते, आणि गाडीच्या मोटरमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरून अडीच-पावणेतीन. सपाट रस्त्याचा खर्च याशिवाय वेगळा. ३० युनिटांच्या बॅटरीत हा नऊ टक्क्यांच्या आसपासचा खड्डा आहे. म्हणून पुण्याकडे जाताना घाटाच्या पायथ्याशी चार्ज करण्यात अर्थ आहे, तर मुंबईकडे उतरताना लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरणे ही चूक आहे, कारण भरलेल्या बॅटरीला उतारावर परत मिळणारी वीज साठवायला जागाच राहत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कुंभार्ली, आंबा किंवा आंबोली घाटाने कोकणात उतरणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

वीज आहे म्हणजे चार्जर चालणार असे समजणे

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण ॲप याबद्दल काहीच सांगत नाही.

महामार्गावरच्या हॉटेलात दिवे लागलेले आहेत, पंखे फिरत आहेत, काउंटरवर टीव्ही चालू आहे आणि चार्जर मात्र लाल दिवा लावून उभा आहे. मालक मनापासून सांगतो की लाइट आहे, तुमच्या गाडीतच काहीतरी गडबड असेल. प्रत्यक्षात अशा वेळी बऱ्याचदा तीनपैकी एक फेज गेलेली असते. दिवे, पंखे आणि टीव्ही उरलेल्या फेजवर चालत राहतात, पण डीसी, म्हणजे वेगवान, चार्जरला तिन्ही फेज लागतात आणि त्यातली एक नसली किंवा तिचा दाब फार खाली गेला की तो स्वतःच्या सुरक्षेसाठी थांबतो. हॉटेलातली पाण्याची थ्री-फेज मोटर किंवा पिठाची चक्की चालते का, एवढे विचारले तरी उलगडा होतो. तीही बंद असेल तर यंत्राशी झटापट करण्यात वेळ न घालवता पुढचा पर्याय गाठावा.

दुसरी गोष्ट जनित्राची. वीज गेली की हॉटेलचे जनित्र सुरू होते, पण ते स्वयंपाकघर आणि दिवे यांच्या मापाचे असते. ६० किलोवॉटचा चार्जर त्यावर टाकलेला नसतो. ‘आमच्याकडे जनरेटर आहे’ या वाक्यावर विसंबू नये, चार्जर जनरेटरवर चालतो का असा थेट प्रश्न विचारावा. पुणे आणि परिसरात महावितरणची देखभाल-दुरुस्तीची कामे वर्षानुवर्षे गुरुवारी काढली जात आली आहेत, हे स्थानिकांना पाठ असते आणि बाहेरून येणाऱ्याला माहीत नसते. निघण्याच्या दिवशी वाटेतल्या ठिकाणी एक फोन करणे म्हणूनच शहाणपणाचे. पावसाळ्यात कोकणात फांदी पडून फीडर (गावाला वीज आणणारी वाहिनी) बंद पडणे नेहमीचे आहे. जून ते सप्टेंबर या काळात तिकडे जाताना मी दोन पर्याय हाताशी ठेवावेत असे म्हणेन.

तिसरी गोष्ट अर्थिंगची, आणि ती विशेषतः १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडीसोबतचा चार्जर लावणाऱ्यांना भोवते. गाडी आधी अर्थिंग तपासते आणि ते नीट नसेल तर चार्ज घेत नाही. हा बिघाड नसून संरक्षण आहे. वायरी जोडून त्याला चकवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, आणि जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतल्यावर तोच सॉकेट चालू झाल्याचे दिसते. हे काम जागेच्या मालकाला किंवा वायरमनला सांगावे, आपण स्वतः करू नये.

यंत्रापाशी पोचल्यावर

चार्जिंग सुरू होत नसेल तर आधी लाल रंगाचे आपत्कालीन बटण पाहावे. मुले खेळताना ते दाबतात, आधीचा माणूस चार्जिंग थांबवण्यासाठी तेच दाबून निघून जातो, आणि एकदा दाबले की ते आतच अडकून राहते. यंत्राभोवती पाणी, जळका वास किंवा उघडी वायर नाही याची खात्री करून, मदत क्रमांकावर विचारून ते बाणाच्या दिशेने फिरवले की बाहेर येते आणि मिनिट-दोन मिनिटांत यंत्र पुन्हा सुरू होते.

त्यानंतर गन. डीसी केबल जड असते, ती लोंबकळते आणि तिच्या ओझ्याने गन सॉकेटमध्ये किंचित तिरपी बसते. गाडी आणि यंत्र यांचे बोलणे ज्या बारीक पिनांतून होते त्या मग टेकत नाहीत. गन खालून हाताने उचलून घट्ट आत दाबून धरावी आणि चार्जिंग सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत तशीच ठेवावी. बऱ्याच गाड्यांत आधी गाडी बंद करणे, मग गन लावणे आणि शेवटी ॲपमधून सुरुवात करणे हाच क्रम चालतो. उलट केले तर यंत्र वाट पाहून थांबते. दोनदा अपयश आले तर गाडी कुलूपबंद करून दोन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा, आणि तरीही जमले नाही तर दुसरी गन घ्यावी. चार्जिंगनंतर गन निघत नसेल तर ओढाताण करू नये. गाडी अनलॉक केल्याशिवाय गनची खिट्टी सुटत नाही, आणि तरी अडली तर बऱ्याच गाड्यांत हाताने सोडवायची दोरी असते, तिची जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

गाडीलाच डीसी चार्जिंग नसण्याचाही प्रश्न येतो. एमजी कॉमेटसारखी लहान गाडी फक्त एसीवर, म्हणजे सावकाश चार्जरवर, चार्ज होते, त्यामुळे सीसीएस-२ या डीसी गनांनी भरलेला हब तिच्या मालकाच्या कामाचा नाही. ॲपमध्ये आपल्या गाडीचा प्रकार निवडून मगच नकाशा पाहावा. मॉलच्या दुसऱ्या तळघरातला चार्जर निवडत असाल, तर तिथे मोबाइलला रेंज असते का ते विचारावे, कारण ॲप चालले नाही तर चालू यंत्रही उपयोगाचे नाही. त्या कंपनीचे आरएफआयडी कार्ड (यंत्राला टेकवायचे कार्ड) जवळ असले तर ही अडचण बरीच सुटते. ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे निघण्यापूर्वीच भरावेत.

आणि ८० टक्क्यांनंतर गाडी काढावी. त्यापुढे बॅटरी स्वतःच वीज कमी घेऊ लागते, शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या चाळीसांइतका वेळ लागू शकतो, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाचा प्रवास त्यात अडकतो.

हब उभारणाऱ्यांच्या चुका

हॉटेल किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात चार्जर बसवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की दरवाजासमोरची सर्वात सोयीची जागा त्याला देऊ नका. तिथे पेट्रोलच्या गाड्या लागणारच. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातही नको, कारण रात्री अकराला एकट्या स्त्रीने तिथे पाऊण तास थांबावे अशी ती जागा नसते. स्वच्छतागृहाजवळ, दिव्याखाली आणि रखवालदाराच्या नजरेच्या टप्प्यात असलेली बाजू योग्य. वर छप्पर हवे: उन्हात गन आणि यंत्र तापले की ते वीज कमी करते, आणि विदर्भाच्या ४५ अंशांत हा फरक प्रवाशाला लगेच कळतो. चौथरा पावसाच्या पाण्याच्या पातळीच्या वर हवा. काही गाड्यांचे सॉकेट मागच्या बाजूला असते तर एमजी झेडएस ईव्हीचे पुढे नाकावर, त्यामुळे जागेची आखणी दोन्हीकडून केबल पुरेल अशी करावी. मंजूर भार आणि रोहित्राची क्षमता पुढची दोन वर्षे डोळ्यांसमोर ठेवून मागावी, नाहीतर दुसरे यंत्र आणूनही ते निम्म्या क्षमतेने चालवावे लागते.

रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला तीन गोष्टी शिकवल्या तरी बरेच प्रश्न जागेवर सुटतात: आपत्कालीन बटण कसे सोडवायचे, एमसीबी (बिघाड झाल्यास वीज तोडणारा स्विच) कुठे आहे, आणि फेज गेली की महावितरणकडे तक्रार कशी नोंदवायची. यंत्रावर मदत क्रमांक आणि यंत्राचा क्रमांक अंधारातही वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरांत लिहावेत. प्रवाशाने तक्रार करताना हाच यंत्र क्रमांक, गनचा क्रमांक, पडद्यावरचा त्रुटी संकेत आणि वेळ, या चार गोष्टींचा फोटो काढून ठेवावा. अडकलेले पैसे परत मागायला तोच पुरावा लागतो, आणि ॲपवर टाकलेली ती नोंद पाहूनच मागून येणारी गाडी आधीच्या गावात थांबायचे ठरवू शकते.